आवाज आला का, अव्वा?

आधीच सांगते, माझा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही. हे वाक्य इथे प्रत्येक जण पहिल्या ओळीत लिहितो आणि तिसऱ्या ओळीत त्याला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसते, हेही मला माहीत आहे. गेली दोन वर्षं मी भुताच्या अनुभवांचा हा ग्रुप जेवणाच्या सुट्टीत वाचते—करमणूक म्हणून. डबा खाता खाता हसायला बरं पडतं. कोणाच्या मामाच्या मित्राला लिफ्ट मागणारा म्हातारा भेटतो, कोणाच्या बाथरूममध्ये नळ आपोआप सुरू होतो... अहो, वॉशर बदला! आमच्या सोलापुरात नळ आपोआप सुरू झाला तर लोक घाबरणार नाहीत, बादल्या घेऊन धावतील.

मी चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटी बघते. बावीस वर्षं झाली. माझं कामच मुळी नापास करणं. टेबलावर दिवा, दिव्याखाली टॉवेल आणि वर मी. सुटलेला धागा, तेलाचा डाग, वाकडी शिवण—दिसली की लाल स्टिकर. मशीनवरची माणसं माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि बरोबरच म्हणतात. तर अशा बाईने हे लिहिलंय, एवढं ध्यानात ठेवून वाचा. आणि कृपा करून खाली कुठल्या महाराजांचा नंबर टाकू नका, लिंबू-मिरची सांगू नका. सांगितलंत तर मी उलट लिहीन, आणि मी फार वाईट लिहिते.

आमचं घर विजापूर रोडच्या आतल्या बाजूला एका कॉलनीत आहे. बैठं घर, पुढे फरशीचं अंगण, अंगणात कडुनिंब आणि फरशीखाली पाण्याचा हौद. सोलापूरकरांना हौद समजावून सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की ते जमिनीखालच्या हौदात भरून घ्यायचं आणि लागेल तसं मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. आमचा हौद सहा फूट लांब, चार फूट रुंद, पाच फूट खोल. वर सिमेंटचा स्लॅब, स्लॅबला दोन फुटी चौकोनी तोंड आणि त्यावर लोखंडी झाकण. आत येणारा एक पाइप, बाहेर जाणारा एक पाइप. बस्स. भुयार नाही, तळघर नाही. हौदाकडच्या बाजूच्या प्लॉटवर तर घरसुद्धा नाही, नुसत्या बाभळी आहेत. ही मापं मी उगाच देत नाहीये.

घरात आम्ही दोघंच, मी आणि अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील, वय पंचाहत्तर. आई तीन वर्षांपूर्वी गेली. मी लग्न करून पाहिलं, तेही नापास केलं आणि परत आले... तो विषय इथे नाही.

अप्पा नेव्हीत होते. हसलात ना? सगळेच हसतात. 'सोलापूरचा माणूस नेव्हीत? कुठे, उजनी धरणात का?' हा विनोद मला ऐकवणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. दुधनीकडच्या खेड्यातलं कानडी बोलणारं घर, विहिरीपेक्षा मोठं पाणी कधी पाहिलेलं नाही, आणि हा माणूस अठराव्या वर्षी घरात भांडून भरती झाला तो थेट जहाजाच्या बॉयलर रूममध्ये. एकाहत्तरच्या युद्धात ते एकवीस वर्षांचे होते. पुढे नेव्ही सोडून आले, इथल्या एका सूतगिरणीत बॉयलर सांभाळला, हे घर बांधलं. कान मात्र तिकडेच राहिले. अप्पांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कानातलं यंत्र घेतलंय, ते कपाटात छान जपून ठेवलंय. समोरच्याच्या तोंडाकडे बघून ते बोलणं ओळखतात. त्यामुळे आमच्या घरात पाठ फिरवून कोणी बोलत नाही.

आता त्यांचं युद्ध. लहानपणी मी मैत्रिणींना मोठ्या ऐटीत सांगायची, माझे वडील युद्धावर होते. मग मैत्रिणी घरी यायच्या आणि अप्पा त्यांना युद्ध सांगायचे—म्हणजे शेंगाचटणी! आजीने बरोबर दिलेला कडक भाकरीचा डबा, त्यातली शेंगाचटणी, मेसमधले पंजाबी आणि मल्याळी तिच्यावर कसे तुटून पडले, कोणाला ठसका लागला, कोणाच्या डोळ्यांतून पाणी आलं. 'पण युद्धात तुम्ही काय केलंत?' असं कोणी विचारलं की म्हणायचे, 'काय करनार? बॉयलरला पानी आन पोरांना चटनी!' आणि स्वतःच खो खो हसायचे. मी नववीत असताना सव्वीस जानेवारीला शाळेने त्यांना बोलावलं. छातीवर पदकं, कडक इस्त्री, आणि माइकवर काय? चटणी. मी मागच्या रांगेत शरमेने मेले. त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं, हा माणूस युद्धात लपून बसला होता. तोंडावर कधी बोलले नाही. म्हणजे, गेल्या मे महिन्यापर्यंत नाही.

आणि ते झाकण! हौद भरला की अप्पा झाकण लावणार, त्याच्याशेजारी उकिडवे बसणार आणि मोठ्या पान्याने त्यावर तीन ठोके देणार. ठण, ठण, ठण. मग सावकाश कानडीत दहापर्यंत मोजणार. ओंदु, एरडु, मूरु... आणि दहा झाले की मान वर करून विचारणार, "आवाज आला का?" घरातल्या माणसाने समोर येऊन 'नाही' म्हणायचं. मगच कडी लागणार. हे गेली चाळीस वर्षं, एकही पाण्याचा दिवस न चुकवता. आई पिठाच्या हातांनी दारात यायची आणि मान हलवून परत चुलीकडे जायची, बऱ्याचदा त्यांचं मोजून व्हायच्या आत. आम्हाला वाटायचं, मांजर-बिंजर आत पडलं नाही ना एवढंच बघतात, नेव्हीची शिस्त. शेजारच्या काकूंनी तर एकदा मला हळूच विचारलं, "त्यांचं काही व्रत आहे का गं?" व्रत म्हणे! आई गेल्यावर ही ड्यूटी माझ्याकडे आली. मी हातातल्या फोनवरून नजर न काढता 'मूरु'लाच मान हलवायची.

गेल्या मे महिन्यातला रविवार. दुपारचे पावणेतीन. इथल्या सगळ्यांची भुतं रात्री बाराला येतात, माझ्याकडे ही वेळ का, मला विचारू नका. मे महिन्यात सोलापुरात पावणेतीनला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

पाणी दुसऱ्या दिवशी येणार होतं, म्हणून मी हौद धुवायला काढला होता. शिडी लावून स्वतः आत उतरले. भिंती घासल्या, ब्लीचिंग पावडर मारली, तळाशी राहिलेलं पाणी कारखान्यातल्या रिजेक्ट टॉवेलांनी टिपून काढलं. नळाच्या पाइपाला आत एक तरंगता गोळा असतो, हौद भरला की पाणी बंद करणारा—तो काढून बाहेर बादलीत ठेवला होता. मोटरचा प्लग काढलेला. रस्त्याकडचा व्हॉल्व्ह बंद. हौदात थेंब नव्हता. मी वर आले, शिडी ओढून घेतली आणि झाकण टाकलं.

अप्पा झाडाखालच्या खुर्चीवरून उठले. हातात पाना.

"अप्पा, रिकामा आहे," मी त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं. "आत्ता मी आतूनच आले ना!"

ऐकतील तर अप्पा कसले. ठण, ठण, ठण. ओंदु, एरडु, मूरु... मी मान हलवली आणि आंघोळीला वळले. मागे धाडकन आवाज झाला. अप्पांनी पाना फरशीवर फेकला होता. या माणसाला रागावलेलं मी सत्तेचाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"ऐकलंस का तू?"

"काय ऐकलं?"

"ऐकलंस का म्हनतोय मी! कान लावलास का! नुसती बैलावानी मान हलवतीस. तुजी आई बी तसलीच. चाळीस वर्सं मान हलवली तिनं, एक डाव ऐकलं न्हाय!"

माझ्या डोळ्यांत ब्लीचिंग गेलेलं, पाठ उन्हाने भाजलेली, दोन्ही गुडघे सोललेले. माझं डोकं फिरलं. नववीपासून साठवलेलं सगळं बाहेर आलं. मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेलं, आणि एकेक शब्द सुटा सुटा करून बोलले, एकही हुकू नये म्हणून.

"रिकाम्या हौदात कोण उत्तर देणार आहे, अप्पा? काय लावलंय हे नेव्ही नेव्ही? लोकांचे वडील लढले. तुम्ही बॉयलरमागे बसून चटणी वाटलीत. चटणी! आणि जन्मभर आम्हाला झाकण वाजवून दाखवताय."

अप्पा खुर्चीपर्यंत गेले, बसले. मला वाटलं आता नेहमीसारखं हसण्यावारी नेतील. मी वाट बघत उभी राहिले, कारण मला अजून बोलायचं होतं.

"बस," ते म्हणाले. मी फरशीवर बसले.

"चटनी खानाऱ्यात एक कुट्टन हुता. केरळचा. त्याचं नाव तुमाला मी कवा सांगितलंच न्हाय, मल्याळी म्हनायचो. ठसका लागला हुता ना, तो त्यालाच. लई हसायचा गं. माज्याच वयाचा."

मग ते सांगत गेले. मी मध्ये फारसं बोलले नाही, माझ्यासाठी तो विक्रमच. जहाजाचं नाव मी इथे लिहिणार नाही, ते त्यांनी मलाही सांगितलेलं नाही.

"युद्धाचा चवथा का पाचवा दिवस आसंल. जाजाच्या बाजूला पान्यात कायतरी फुटलं. काय फुटलं ते आमाला खाली बॉयलरपाशी कोन सांगनार? आख्खं जाज उचललं आन आपटलं. माज्या डोक्याजवळनं वाफेची लाइन जात हुती, ती फुटली. आन एकदम सगळं शांत झालं. मी म्हनलं, बरं झालं बाबा, थांबलं वाटतं. थांबलं कुटलं... मलाच ऐकू येत न्हवतं."

त्यांनी बोट कानाशी नेलं आणि खाली घेतलं.

"मागल्या पंपाच्या खोलीत समुद्राचं पानी शिरलं. ती खोली बंद करायची, न्हायतर जाज जानार. तिच्या वरचं लोखंडी झाकन लावायचं काम माजं आन बलबीरचं. बलबीर पंजाबी, माज्याहून चार वर्सं मोठा. आमच्या वरच्यानं शिकवलेलं—झाकन टाकलं की पान्यानं तीन ठोके द्यायचे आन धा मोजायचे. खालनं तीन ठोके आले तर उघडायचं, मग काय बी हूंदे. न्हाय आले तर झाकनाच्या कडंच्या आठ क्लिपा आवळायच्या."

"मग?"

"मी ठोकलं. धा मोजले. कानडीत मोजले, भ्यालं की मला कानडीच येतंय. बलबीरनं कान लावला हुता. मी त्याला विचारलं, आवाज आया? त्यानं मान हलवली. नहीं. मी क्लिपा आवळल्या. आठच्या आठ. ह्या हातानं."

उजवा हात त्यांनी उलटासुलटा करून बघितला, जसं काही तो दुसऱ्याचा आहे.

"नंतर हजेरी झाली. कुट्टन न्हवता."

मी विचारलं, जहाज वाचलं ना? हो, वाचलं की. वरची सगळी माणसं वाचली. जहाज बंदराला लागल्यावर ती खोली उघडली, तेव्हा अप्पा दवाखान्यात होते. खाली बलबीर उतरला. अप्पांनी त्याला विचारलं, कुठे सापडला? बलबीर म्हणाला, दूर था, पंप के पास.

"लांब हुता म्हनजे पैल्या दनक्यातच गेला आसंल," अप्पा म्हणाले. "ठोके त्याला ऐकूच गेले नसतील. शिडीपाशी घावला आसता तर मग... पन बलबीर म्हनला लांब हुता. तसंच आसंल. व्हय का न्हाय?"

"मग पुन्हा नीट विचारायचं ना त्याला!"

"पत्रं लिवली की. वर्साला एक. त्याची बी यायची. म्हशी, गहू, लेकीचं लगीन. ह्ये एक सोडून सगळं लिवायचा. मागल्या दिवाळीत त्याच्या लेकानं कळवलं, बलबीर गेला. आता विचारायला कोन न्हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अप्पांवर नाही, त्या बलबीरवर. पन्नासच्या वर वर्षं हा मनुष्य म्हशींबद्दल लिहितो आणि एक ओळ खरी लिहवत नाही त्याला! हो तर हो, नाही तर नाही. "भित्रा होता तो, अप्पा," मी म्हणाले. "एकदम भिकार माणूस."

"त्याला काय म्हनू नको," अप्पा म्हणाले. "मला येवडंच कळायला पायजे हुतं, अव्वा. कुट्टननं ठोकलं हुतं का न्हाय. दुसरं काय नको."

अव्वा म्हणजे कानडीत आई. आमच्यात लेकीला लाडाने तसं म्हणतात. अप्पा मला खूप वर्षांनी तसं म्हणाले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीस वर्षं हा बहिरा माणूस दर पाण्याच्या दिवशी कोणाला तरी ऐकायला सांगत होता, कारण त्याला स्वतःला ऐकू येत नव्हतं. आणि आम्ही दोघी मायलेकींनी चाळीस वर्षं न ऐकताच उत्तर दिलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या कामाला लाल स्टिकर लावणारी मी! मला माझीच किळस आली.

"एक डाव नीट ऐक," ते म्हणाले. "आज एकच डाव. मग मी परत कवा विचारनार न्हाय."

मी उठले. दया आली म्हणून, लाज वाटली म्हणून, आणि खरं सांगायचं तर एकदाचं हे प्रकरण मिटावं म्हणूनही. झाकण इतकं तापलं होतं की हात लागत नव्हता. एक टॉवेल चार घड्या करून त्यावर ठेवला, गुडघे टेकले आणि कान लावला. माझं तोंड झाडाकडे होतं, अप्पा माझ्या पाठीमागे. तुम्ही म्हणाल, भारावलेल्या मनःस्थितीत... मुळीच नाही. हौद रिकामा आहे हे मला जितकं पक्कं माहीत होतं तितकं जगात कोणालाच माहीत नव्हतं. पंधरा मिनिटांपूर्वी मी त्याच्या तळावर बसले होते.

ठण, ठण, ठण. डोक्याजवळच वाजल्यामुळे दात शिवशिवले. मग मोजणं सुरू झालं. ओंदु. एरडु. झाकण अजून घुमत होतं. मूरु. नाल्कु. आता लांब कुठेतरी टेम्पो गेला तो ऐकू आला. ऐदु. एक कावळा. आरु. काही नाही.

एळु—

खालून ठोके आले.

ठक. ठक. मग थोडा वेळ गेला, मला वाटलं संपलं, आणि तिसरा. ठक. पहिल्या दोघांपेक्षा हलका. दम गेलेल्या माणसाने जोर काढून मारावा तसा. नुसता ऐकला नाही, गालाच्या हाडाला जाणवला. बरोबर माझ्या कानाखाली, लोखंडाच्या पलीकडच्या बाजूने.

"एंटु," अप्पा माझ्यामागे मोजत होते. "ओंबत्तु. हत्तु."

मी हलले नाही. हलता येईना. त्या मे महिन्याच्या उन्हात माझ्या दोन्ही हातांवर काटा उभा होता.

"आवाज आला का, अव्वा?"

मी उठून बसले आणि वळले. ते गुडघ्यांवर बसले होते, दोन्ही हातांत पाना धरून. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, ओठ किंचित उघडे, डोळे माझ्या तोंडावर. हो म्हटलं असतं तर या माणसाचं काय झालं असतं? उरलेली सगळी वर्षं त्याने त्या आठ क्लिपा पुन्हा पुन्हा आवळल्या असत्या. मी टॉवेलची घडी उचलली, झटकली आणि तिच्याकडेच बघत मान हलवली.

"नाही, अप्पा. काही नाही."

"बरं," ते म्हणाले. फरशीला हात टेकून उठले आणि आत गेले.

ते आत गेल्या गेल्या मी झाकण उघडलं. हौद रिकामा. तळ सुकत आलेला, ब्लीचिंगचे पांढरे डाग, माझ्याच पायांचे ठसे. शिडी लावून आत उतरले, टॉर्च घेऊन. उंदीर नाही, पाल नाही, झुरळसुद्धा नाही. पाइपाचं तोंड कोरडं. झाकणाची आतली बाजू बोटांनी चाचपली. गंज होता, आणखी काही नाही.

त्यानंतर मी जे जे करता येईल ते केलं. सलग पाच दिवस त्याच वेळेला, त्याच उन्हात, अंगणात जाऊन बसले, रजा टाकून. लोखंड तापलं की कडकडतं, हे मलाही कळतं. कडकडलंही. एकदाच, टक् करून, कधीही. ठोके नाहीत. मग हौद पुन्हा रिकामा झाल्यावर स्वतः पान्याने वाजवून पाहिलं. काही नाही. प्लंबरला बोलावलं, तो म्हणाला पाइपात हवा धरली असेल. व्हॉल्व्ह बंद, पाइपाचं तोंड उघडं, हवा कुठे धरणार? तर म्हणाला, मग काय की ताई. शेवटी कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या इंजिनियरला विचारलं, 'माझ्या एका मैत्रिणीच्या घरी' असं सांगून. हो, ही लाजसुद्धा पदरात घेतली. तो म्हणाला, उष्णतेने धातू प्रसरण पावतो, मॅडम. मी म्हटलं, प्रसरण पावताना तो सातपर्यंत थांबतो का? आणि तीनच ठोके देतो का? त्यावर त्याने माझ्याकडे जे बघितलं... मी तुम्हा लोकांकडे बघते ना, तस्सं.

भास झाला म्हणावं, तर अप्पांच्या गोष्टीने मन हललं होतं हे मान्य. पण हललेल्या मनाला भास व्हायचा तर तो माझ्या कानाला व्हावा, गालाच्या हाडाला का? बावीस वर्षांत एखाद्या मालावर स्टिकरच लावता आला नाही, पास नाही की नापास नाही, असं हे पहिलंच.

पण हे लिहायला बसले ते ठोक्यांमुळे नाही. त्याच दिवशी संध्याकाळी पाचला मी चहा केला. अप्पा अंगणात त्याच खुर्चीवर बसले होते. मी कप दिला आणि माझा घेऊन समोर बसले, काही घडलंच नाही अशा थाटात. पाणी उद्या किती वाजता येईल, वर टाकीत किती आहे, असलं काहीतरी बडबडत होते. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्याला नाही.

"बलबीर बी खाली बघूनच बोलला हुता," ते म्हणाले.

मी कप खाली ठेवला. दुपारी मी ज्याला भित्रा आणि भिकार म्हणाले होते, तो बलबीर. त्या झाकणापाशी एकवीस वर्षांच्या बहिऱ्या पोराने त्याला विचारलं, तेव्हा त्याच्या समोर बुडायला आलेलं जहाज असणार आणि ते पोर असणार.

"अप्पा, मी..."

"ऱ्हाऊ दे." ते रागावले नव्हते. माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, मी शाळेत होते तेव्हा ठेवायचे तसा नाही, जरा जड. "खोटं बोलायचं तर वर बघून बोलावं, अव्वा. बहिऱ्याला तोंडच वाचता येतंय."

मी रडले. हमसून हमसून रडले, अंगणात, सहा वाजेपर्यंत. शेजारच्या काकू फाटकातून बघून गेल्या. अप्पा रडले नाहीत. निवलेला चहा त्यांनी पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं, हौद भरला. मी झाकण टाकलं आणि थांबले. अप्पा खुर्चीवरून उठले नाहीत. "लाव कडी," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी एकदाही ठोकलेलं नाही, विचारलेलं नाही. रात्री आता शांत झोपतात, भात दोनदा घेतात. आणि मला घशाखाली घास उतरत नाही.

रिकाम्या हौदात ते तीन ठोके कोणी दिले, मला आजही माहीत नाही. ज्याला माहीत असेल त्याने जरूर सांगावं, मी उलट लिहिणार नाही. अप्पांना जे कळायला हवं होतं ते मात्र कळलं. ते त्यांना मीच सांगितलं, आणि मी तर 'नाही' म्हणाले होते.